हात पिठात, फोन मांडीवर

परवा सकाळी सुशीलाकाकींच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरलेल्या दिसल्या आणि मी हातातला चहा तसाच ठेवून चपला पायात सरकवल्या. रिसोडकडच्या शिरपूरच्या आमच्या गल्लीत चैत्र असाच कळतो. कडुनिंब फुलून जातो, कूलर माळ्यावरून खाली उतरतात, आणि एका सकाळी वरून उडदाच्या पिठाचा, पापडखाराचा आणि जिऱ्याचा मिळून एक वास गल्लीत पसरतो. तो वास आला की मला घरात बसवत नाही. जिना चढताना मात्र मला पापडाऐवजी एक फोन आठवत होता. द्वारकाबाईंचा, काळा, कोपऱ्यात तडा गेलेला, लाल कापडाच्या शिवलेल्या पिशवीतला. तीन वर्षं झाली त्या उन्हाळ्याला.

मी सत्तावीस वर्षं एसटीच्या लाल गाडीत कंडक्टर होते. आवाज मोठा आहे, आणि तो बारीक करायची सवय नोकरीने कधी लागू दिली नाही. तिकिटांचा पत्र्याचा डबा जाऊन मशीन हातात आलं तेव्हा भल्याभल्यांनी हाय खाल्ली होती. मी दुसऱ्याच दिवशी ते गळ्यात अडकवून रिसोडच्या गाडीत चढले. तेव्हापासून 'इंदूताईले मशीनचं समजते' ही माझी कीर्ती गल्लीभर झाली. तिकिटाच्या मशीनचा आणि फोनचा संबंध काय, असं कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. फुकटची इज्जत कोण नाकारतं.

आमच्याकडे पापडाची पाळी असते. आज एकीचे, उद्या दुसरीचे. जिची पाळी तिने पीठ, तेल, मिरे आणायचे आणि बाकीच्या सात-आठ जणींनी पोळपाट-लाटणं काखोटीला मारून हजर व्हायचं. जागा ठरलेली, सुशीलाकाकींची गच्ची. काकी जैन, खाली त्यांचं किराणा दुकान. वर अर्ध्या गच्चीवर टिनाची सावली आहे, अर्धी उन्हाला मोकळी. सावलीत लाटायचं, उन्हात वाळवायचं. सकाळी सहाला बसलं की अकराच्या आत पाठ मोकळी करायची, कारण पुढे ते टीन असं तापतं की खाली बसलेल्या बाईचाही पापड होईल.

त्या वर्षी पहिल्याच पाळीला कमलने तोंड सोडलं. कमल म्हणजे आमच्यातली सगळ्यांत पातळ पापड लाटणारी आणि सगळ्यांत जाड बोलणारी. तिचं दुखणं नातवाचं होतं. "मी म्हनलं बाप्पा, मले दाखव फोटो कसा धाडाव. तं तो म्हनते, दे इकडे आजी. चार ठिकानी बोट मारते, माह्या हातात देते, म्हनते झालं. काय झालं ते त्याले ठाऊक." गच्चीवरच्या सगळ्या जणी एकदम बोलायला लागल्या. प्रत्येकीच्या घरात एक 'दे इकडे' होता. कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाचा जावई. मी गप्प बसले, कारण गल्लीतली सगळ्यांत मोठी 'दे इकडे' मीच होते. कुणीही फोन घेऊन आलं की मी तो हातातून ओढून घ्यायची, काम करून परत द्यायची, आणि आपण उपकार केला या आनंदात दिवसभर राहायची.

तेवढ्यात कमलचा फोन केकाटायला लागला. तिच्या नातवाने त्यात कसलं तरी गाणं भरून ठेवलं होतं आणि ते दर सकाळी सातला वाजायचं, थांबायचंच नाही. कमलच्या लाट्या झाल्या होत्या म्हणून तिने हात धुतलेले होते. माझे हात मनगटापर्यंत पिठात. ती फोन माझ्यापुढे धरून उभी, आणि मला घेता येईना. मग नाइलाजाने मी तोंडाने सांगायला लागले. काचेवर काय दिसतं ते वाच. खाली गोल आहे? त्यावर बोट ठेव. दाबू नको, ठेव. आता बाजूला ने. तिने तीनदा चुकवलं, चौथ्यांदा गाणं थांबलं. मी केलं असतं तर एका क्षणात झालं असतं, या प्रकाराला चांगली पंधरा मिनिटं लागली. पण दुसऱ्या दिवशी सातला गाणं लागलं तेव्हा कमलने कुणाकडे न बघता ते बंद केलं आणि पुन्हा लाटायला बसली.

मला तेव्हा जे कळलं ते मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. शिकवणाऱ्याचे हात अडकलेले पाहिजेत. ते मोकळे राहिले की शिकणाऱ्याच्या हातातलं काम ओढून घेतात. मग आम्ही नियमच केला. एका वेळी एकीने हात धुवायचे, गच्चीवरच्या खाटेच्या काठावर बसायचं, फोन मांडीवर घ्यायचा. बाकीच्यांनी पीठ मळत, लाट्या कापत, पापड लाटत तोंडाने सांगायचं. कितीही जीव तुटला तरी कुणीही मदतीसाठी हात धुवायचे नाहीत. वेळ लागला तर लागला. आम्हाला कोणती गाडी पकडायची होती?

द्वारकाबाई आमच्यात वयाने सगळ्यांत मोठ्या, बहात्तरच्या पुढे. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, दोन खोल्यांचं घर, परसात एक लिंबू. शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षर वाचता येत नव्हतं, बोलणं कमी. त्यांच्या लाट्या मात्र मोजून मापून एकसारख्या. त्या वर्षी पौषात त्यांना ताप भरला आणि दोन दिवस त्या घरात एकट्या पडून होत्या. फोनचा आवाज कसा कोण जाणे बंद झाला होता. पुण्याहून मुलगा लावत राहिला, यांना ऐकू आलं नाही. शेवटी दुधवाल्याने दार लोटलं तेव्हा कळलं. फोन उशाशीच होता. पण द्वारकाबाईंना फोन घेता यायचा, लावता येत नव्हता. आमच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचं असंच आहे. फोन यायची वाट बघायची, फाट्यावर बसची बघतात तशी.

मुलगा घाबरला, आणि घाबरलेला माणूस लगेच ठरवून टाकतो. अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या रविवारी गाडी घेऊन येतो, घराला कुलूप लावू, तू आता पुण्यातच राहायचं. मुलगा चांगला, सून चांगली, त्यात काही खोट नाही. द्वारकाबाईंनी ते आम्हाला पहिल्या पाळीला सांगितलं, हातातलं लाटणं न थांबवता. "सातव्या माळ्यावर हाय त्याचं घर. सकाळी समदे कामाले जातेत. मी तिथं दिवसभर कोनाचं तोंड पाहू? त्याले म्हनलं, मले एकटीले फोन लावता आला तं राहू देशीन काय? तो हासला. म्हने, आई, तुले जमलं तं पाहू." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इंदू, मले शिकव व. नाई तं हे पापड पुन्यालेच जातीन, माह्यासंगं."

मी छातीवर हात मारून सांगितलं की रविवारला अजून तीन आठवडे आहेत, मी वीस दिवसांत अख्खा मार्ग पाठ केलेली बाई आहे. पिठाचा हात छातीवर उमटला, तो दिवसभर तसाच घेऊन फिरले.

माझा पहिला तोडगा फोटोचा. मुलाचा फोटो फोनच्या पहिल्याच पानावर आणून ठेवला, त्यावर बोट टेकवलं की त्याला फोन लागणार. वाचायची गरजच नाही. पण द्वारकाबाईंचं बोट म्हणजे पन्नास वर्षं लाट्या दाबलेलं बोट. ते हलकं टेकतच नाही. त्या जोर देऊन दाबून धरायच्या, फोटो जागचा सुटायचा, बोटाबरोबर सरकत वर जायचा आणि नाहीसा व्हायचा. तीन दिवसांत तीनदा असं झालं. तिसऱ्यांदा त्यांनी फोन पालथा मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "पुसलाच म्या त्याले." कमल म्हणाली, "पोरगा नाई पुसला, फोटो पुसला. पोरगा पुन्यात जेवून राह्यला आसन." सगळ्या हसल्या. द्वारकाबाई हसल्या नाहीत.

त्या दिवसांची आठवण आली की मला आधी आवाज ऐकू येतात. लाटण्यांचा एकसारखा खडखड आवाज, मधूनच बांगड्या, खाली मंदिराकडे निघालेल्या यात्रेकरूंच्या गाडीचा हॉर्न, आणि दोऱ्याने लाट्या कापताना सुशीलाकाकी पुटपुटायच्या ते आकडे. एखादी कच्ची लाटी तेलात बुडवून हळूच तोंडात टाकायची आणि कुणी बघितलं की जास्तच निर्धास्तपणे चावायची. जिन्यातल्या पायरीवर कमलचे यजमान गणपतराव पेपर उघडून बसायचे. बायकांचं काय ते ऐकायला मी बसलो नाही, सावली आहे म्हणून बसलो, असं त्यांनी कुणी न विचारताच सांगितलं होतं. पण मी वर "आता तीन ठिपके दाबा" असं म्हटलं की खाली पेपर गुडघ्यावर यायचा. पंधरा दिवसांनी त्यांनी गाडीचं आरक्षण स्वतः केलं आणि आपण हे आधीपासूनच जाणतो असं गल्लीत सांगितलं. आम्ही मान डोलावली.

एक सकाळ तर गल्ली अजून विसरलेली नाही. कमल पीठ तिंबत होती आणि तिचा फोन वाजला. हात धुतलेल्या त्या दिवशी सुशीलाकाकी होत्या, त्यांनी तो उचलून आवाज मोठा केला. पलीकडचा माणूस फार काळजीने बोलत होता. ताई, तुमचं खातं आज बंद होणार आहे, आत्ता एक आकडा आला असेल तो वाचून सांगा. कमल म्हणाली, "आला आसन बाप्पा. पन माहे हात पिठाचे हायत." तो म्हणाला, दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. "समद्यांचेच पिठाचे हायत." मग धुऊन घ्या ना ताई. "अजून अर्ध पीठ बाकी हाय. तू थांब जरासा, अकरा वाजतीन." आम्ही आठ जणी लाटणी थांबवून ऐकत होतो. तो बराच वेळ थांबला, दोनदा विनवणी केली, एकदा चिडला आणि शेवटी त्यानेच फोन ठेवला. तेव्हापासून आमच्याकडे फोनवर कुणी घाई केली, मग तो श्रावण असो की दिवाळी, उत्तर एकच असतं, माझे हात पिठाचे आहेत. मी स्वतः ते परवाच एकाला सांगितलं, भर बाजारात, हातात कोथिंबीर असताना.

फोटोचा तोडगा फसल्यावर मी बोलून फोन लावायचं काढलं. माइकचं चित्र मोठं होतं, ते कसंही दाबलं तरी चालायचं. दाबायचं, नाव घ्यायचं, फोन आपोआप लागणार. मला ते इतकं पसंत पडलं की रात्रभर वाट पाहून सकाळी मीच सगळ्यांत आधी गच्चीवर गेले. मुलाचं नाव नीट भरून ठेवलं, नाव, आडनाव सगळं. नारायण हे त्याचं नाव. द्वारकाबाईंनी माइक दाबला आणि हळूच म्हणाल्या, "बाबूले लाव." फोनमधली बाई म्हणाली की असं कुणी सापडलं नाही. मी म्हटलं, "बाबू नाही हो, त्याचं खरं नाव घ्या. नारायण म्हणा." द्वारकाबाईंनी पुन्हा माइक दाबला आणि गप्प बसल्या.

फोन ऐकतो आहे, आम्ही सगळ्या ऐकतो आहोत, आणि द्वारकाबाई बोलत नाहीत. मी म्हटलं, लाजू नका, मोठ्याने बोला. त्यांनी ओठ उघडले, मिटले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रविवार जवळ येत चालला होता आणि माझं डोकं तापत चाललं होतं. मला वाटलं, यांना जमायचं नाही, वय झालं. आणि चौथ्या दिवशी मी सगळ्यांसमोर माझ्या गाडीतल्या आवाजात बोलून गेले, "द्वारकाबाई, तोंड उघडल्याबिगर तिकीट भेटत नाई." कुणी हसलं नाही. त्यांनी फोन लाल पिशवीत घातला, पिशवीची दोरी आवळली, आपलं लाटणं उचललं आणि जिना उतरून गेल्या. त्यांच्या हातच्या सगळ्या लाट्या तशाच ताटात राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. पाळी माझीच होती, आणि माझा एकही पापड त्या दिवशी गोल झाला नाही. अकरा वाजता मी वाटीभर लाट्या आणि वर तेल घेऊन त्यांच्या घरी गेले. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून वाटी नेली. त्या परसात लिंबाला पाणी घालत होत्या. मी वाटी पुढे केली, त्यांनी घेतली, एक लाटी मला दिली, एक स्वतः खाल्ली. मग मला आतल्या खोलीत नेलं आणि भिंतीवरच्या एका जुन्या फोटोकडे नुसती मान केली. फेटा बांधलेले म्हातारे गृहस्थ, चंदनाचा हार. "सासरे माहे," त्या म्हणाल्या. "हे गेले आन् वर्साच्या आत पोरगा झाला. मंग घरच्यांनी यांचंच नाव ठुलं त्याले."

मी तिथेच खाली बसले. पंचावन्न वर्षं झाली होती त्यांच्या लग्नाला. सासऱ्याचं नाव सुनेने तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून ते नाव त्यांनी पंचावन्न वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं. पोटच्या पोराला शाळेत घालतानाही मास्तरांपुढे ते दुसऱ्या कुणीतरी सांगितलं होतं. त्यांच्यासाठी तो जन्मापासून बाबू. गच्चीवरच्या आम्ही सगळ्या नंतरच्या, म्हाताऱ्याचं नाव आमच्यापैकी कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि मी तर नवऱ्याला भर चौकात नावाने हाक मारणारी बाई. मला सुचलंच नाही. "मंग बोलल्या काहून नाई तुमी?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तू येवढी शिकेल हाय. म्या म्हनलं, मशीनले खरंच नाव लागत आसन. आन् मले ते घेता येत नाई, तं मले पुन्याले जाच लागन."

मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून वाटते. कुठलंही मशीन असं नाव मागत नाही. मागत होते ती मी. चार दिवस त्या बाई पुण्याचा सातवा मजला डोळ्यांपुढे धरून त्या माइकसमोर बसत होत्या, आणि मी त्यांचं वय मोजत होते. नियम मोडून मी त्यांच्या हातातून फोन घ्यायला हात पुढे केला, मग मागे घेतला. त्यांनाच सांगितलं. पेन्सिलचं चित्र शोधा. जुनं नाव पुसा, हवं तितकं दाबून पुसा. आता इथला माइक दाबा आणि तुम्ही त्याला जी हाक मारता ती मारा. त्यांनी हाक मारली. परसातून मूल घरात यावं म्हणून मारतात तशी, मोठ्याने. काचेवर अक्षरं उमटली. त्या मला विचारू लागल्या, "हाच काय तो?" मी म्हटलं, हाच.

फोन मात्र मी तिथे लावू दिला नाही. जिथे अपमान झाला तिथेच तो लागला पाहिजे, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवर त्या खाटेच्या काठावर बसल्या, आणि लाटायला बसलेल्या आम्ही सगळ्यांनी लाटणी खाली ठेवली. जिन्यातला पेपरही घडी झाला. त्यांनी माइक दाबला. "बाबूले लाव." फोन वाजायला लागला, एकदा, दोनदा. आणि पलीकडून मुलाचा आवाज आला, धावत आल्यासारखा. "हॅलो? कोन बोलते? आईले काय झालं?" जन्मात पहिल्यांदा आईच्या नंबरवरून त्याला फोन आला होता, आणि त्याला दुसरं काही सुचलंच नाही. द्वारकाबाई म्हणाल्या, "काई नाई झालं. मी हाय. म्याच लावला."

मग तो म्हणाला, "तूच लावला?" त्या म्हणाल्या, "मंग." कमलने पिठाच्या हाताने डोळे पुसले आणि तिच्या डोळ्यांत पापडखार गेला. पुढचा अर्धा तास आम्ही तिचे डोळे धुण्यात घालवला.

मुलगा काही लगेच विरघळला नाही. शहरात राहून माणूस सावध होतो. म्हणाला, आज चारचौघी बसल्या आहेत तुझ्यापाशी. आता रविवारपर्यंत रोज सकाळी घरून, एकटीने लाव. एकही दिवस चुकला की मी गाडी घेऊन येतो, ती तुला न्यायलाच. रविवारला आठ दिवस होते. रोज सातला आम्ही गच्चीवरून द्वारकाबाईंच्या घराकडे कान लावून बसायचो. त्यांची ती हाक गल्लीला ऐकू यायची. ती आली की सुशीलाकाकी पुढची लाटी कापायला घ्यायच्या.

पाचव्या दिवशी हाक आली नाही. सव्वासात झाले, साडेसात झाले. आठला मुलाचा मलाच फोन आला, आईचा लागत नाही म्हणून. मी पिठाच्या हातांनी जिना उतरले. द्वारकाबाई घरी नव्हत्या. दाराला कडी. त्या सापडल्या काकींच्या दुकानात, तांदळाच्या पोत्यावर बसलेल्या. पहाटेपासून गल्लीत लाइट नव्हती आणि फोन पार मेलेला. दुकानात इन्व्हर्टर आहे हे त्यांना ठाऊक, म्हणून चार्जर पिशवीत घालून आल्या होत्या आणि फोनमध्ये जीव यायची वाट पाहत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काहून धावून राह्यली? दोन टक्के झाली." त्यांना आकडा वाचता येत होता हे मला तेव्हाच कळलं. सव्वाआठला त्यांनी तिथूनच लावला, आणि उशीर का झाला ते त्याला नीट सांगितलं. चार्जर कुठे लावला, तेही. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही बाई आता जाणार नाही.

रविवारी तो आला. मोठी गाडी, मागची सीट पाडलेली, सामानासाठी. आम्ही सगळ्या काही ना काही निमित्ताने त्यांच्या अंगणात. तो हसत म्हणाला, "आई, लाव बरं माह्या समोर." द्वारकाबाई शेगडीपुढून न उठता म्हणाल्या, "आता कायले लावू? तू तं समोर हाय." तो पाटावर बसला, पोटभर जेवला. दुपारी त्याने घर फिरून पाहिलं, लिंबाखाली थोडा उभा राहिला. मग चपला घालताना म्हणाला, "ठीक हाय आई. राह्य तू इथंच." कमलने मला कोपर मारलं. आम्ही बाजरीच्या खारोड्या, कुरडया, दोन डबे पापड त्या पाडलेल्या सीटवर भरले. गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली आणि बाकीच्या आपापल्या घरी गेल्या. मी ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले, कारण मला जिंकल्याचा आनंद कुणाबरोबर तरी करायचा होता.

त्या आनंदात नव्हत्या. त्यांची नजर अजून रस्त्याकडेच होती. मग म्हणाल्या, "राह्य म्हनला तो. चांगलं झालं. मले राहाचंच होतं." पुढे म्हणाल्या, "पन एकडाव तरी म्हनाले पाह्यजे होतं व त्यानं, का तरीबी चाल. म्या नाईच म्हनलं असतं. पन म्हनाले पाह्यजे होतं." एवढे दिवस मी त्यांना एकटीने राहायला शिकवत होते आणि मला वाटत होतं, मी त्यांना फोन शिकवते आहे. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

त्यांनी पदराने तोंड पुसलं. मग कमरेची लाल पिशवी सोडली, फोन काढला, माइक दाबला आणि हाक मारली. दिवसाचा फोन सकाळीच झाला होता, हा कुणी सांगितलेला नव्हता. गाडी फार तर रिसोडच्या रस्त्याला लागली असेल. तो पुन्हा तसाच दचकला, "आई, काय झालं?"

"काई नाई. हळू चालव," त्या म्हणाल्या. "वाटेत कुठी थांबून चहा पे. आन् पोचला का लावजो मले, कितीबी वाजो. मी घरीच हाय."